शब्दचर्चा : सुतक, दहावा, उत्तरकार्य, दुखवटा

प्रश्न
आत्याचे यजमान गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला त्यात 'उत्तरकार्य' लिहिलंय, चुलत भाऊ 'दहावा' म्हणतो आणि शेजारच्या काकू विचारतात, "तेरावं कधी?" हे शब्द एकाच दिवसाचे आहेत का? आणि सुतक नक्की दहा दिवसांचं की तेरा?

प्रतिसाद
ताई, सुतक दहा दिवसांचंच. 'तेरा दिवसांचं सुतक' हल्ली सर्रास ऐकू येतं, पण ते बरोबर नाही. सुतक जिवंत माणसांचं असतं. भावकीला, म्हणजे सात पिढ्यांतल्या सपिंडांना, दहा दिवस. अकराव्या दिवशी अंघोळ केली की ते फिटतं. सासरी गेलेल्या मुलीला आईवडिलांचं तीन दिवस, भाच्याला मामाचं 'पक्षिणी', म्हणजे दीड दिवस: मधली रात्र हा पक्षी आणि दोन बाजूंचे दिवस हे त्याचे पंख. मनुस्मृतीत वर्णाप्रमाणे दहा, बारा, पंधरा दिवस आणि एक महिना अशी वाढती मुदत दिली आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक समाजांत दहावाच धरतात.

मोजताना मृत्यूचा दिवस पहिला धरायचा. सोमवारी माणूस गेलं तर दहावा पुढच्या बुधवारी येतो, गुरुवारी नव्हे. कामावर रजा टाकताना इथेच गोंधळ होतो.

शब्दाचं मूळ पाहिलं तर नवल वाटेल. संस्कृतात 'सूतक' हे मुळात जन्माचं अशौच, 'सू' म्हणजे जन्म देणे यावरून. मराठीत ते मरणाकडे गेलं आणि जन्मासाठी 'सोयर' किंवा 'वृद्धी' राहिलं. दोन्ही भावकीलाच लागतात. म्हणून ज्याला कशाचं देणंघेणं नाही त्याला 'कशाचं सोयरसुतक नाही' म्हणतात.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादाला जोड देतो. दहावा, अकरावा, बारावा ही मोजणी गेलेल्या माणसाची. स्मशानात मडक्याला ज्या खड्याने भोक पाडतात तो अश्मा, बोलीत 'जीवखडा', जपून ठेवतात. त्यावर तिलांजली देतात आणि दहाव्याला तो पाण्यात सोडतात. त्याच्या आधी, बहुधा तिसऱ्या दिवशी, राख सावडणं होतं. दहा दिवसांचे दहा पिंड देहाचा एकेक अवयव घडवतात अशी कल्पना आहे. आता ते बहुतेक वेळा दहाव्यालाच एकदम देतात. नाशिकला रामकुंडावर, पुण्यात ओंकारेश्वरापाशी, मुंबईत बाणगंगेवर मंडळी पिंड मांडून कावळ्याची वाट बघत उभी असतात. कावळा शिवला नाही की घरचं कुणी तरी हात जोडून मोठ्याने सांगतं, "धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू, काळजी करू नका." तरीही आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

बाराव्याचं सपिंडीकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तोवर विधीच्या भाषेत तो माणूस 'प्रेत' असतो, म्हणजे 'पुढे गेलेला'. मराठीत प्रेत म्हणजे मढं, त्यामुळे गुरुजींनी संकल्पात वडिलांच्या नावापुढे तो शब्द उच्चारला की मुलं दचकतात. त्यात अवमान काहीच नाही. बाराव्याला त्याचा पिंड आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात आणि तो 'पितर' होतो. मूळ नियमात हे वर्ष झाल्यावर करायचं होतं, ते अलीकडे आणलं. तेराव्याला गोडाचं जेवण. काही घरी निधनशांतही करतात.

(जाता जाता: 'दुष्काळात तेरावा महिना' मधला तेरावा हा अधिक महिना. त्याचा या तेराव्याशी संबंध नाही.)

प्रतिसाद
आमच्या जळगावकडे पत्रिकेत 'उत्तरकार्य व गंधमुक्ती' असं छापतात. सुतकात कपाळाला गंध लावत नाहीत, ते त्या दिवशी लावतात. बौद्ध समाजात 'जलदान विधी' आणि 'पुण्यानुमोदन' हे शब्द आहेत. तिथे दहावा-तेरावा म्हणू नये.

प्रश्नकर्ती
मग 'उत्तरकार्य' म्हणजे कुठला दिवस धरायचा? आणि दुखवटा वेगळा का?

प्रतिसाद
उत्तरकार्य हा मोघम शब्द आहे. कुणी दहाव्याला म्हणतं, कुणी तेराव्याच्या जेवणाला. तारीख दिली असेल तर त्या दिवशी घाटावर यायचं की घरी, एवढं चुलत भावाला विचारून घ्या.

दुखवटा पाळायला भावकी लागत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत लता मंगेशकर गेल्या तेव्हा देशात दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला; त्याला सुतक कुणी म्हणणार नाही. घरातला दुखवटा लांबतो. वर्षभर सणवार करत नाहीत, लग्न ठरलं असेल तर ते वर्षाच्या आत उरकतात किंवा वर्षश्राद्धानंतर करतात. याखेरीज नातेवाईक टोपी, टॉवेल, साडी आणतात त्यालाही 'दुखवटा'च म्हणतात. तुम्ही माहेरच्या म्हणून जाणार, तेव्हा आत्यासाठी साडी न्यायची पद्धत तुमच्याकडे आहे का, हे आईला आधी विचारा.