आकाशात 'ते' दिसलं, मग चौकशी केलीत का? अनुभव सांगा

'काल रात्री उडती तबकडी दिसली' असा व्हिडिओ आमच्या खगोलप्रेमी गटात येतच असतो. हसण्यावारी नेणारे पुष्कळ. मला ऐकायचंय ते उठून चौकशी केलेल्यांकडून. परग्रहवासी आहेत की नाहीत, हा वाद इथे नको.

मी 'काय दिसलं' हे शेवटी विचारतो. आधी माणसाला त्याच गच्चीवर उभं करून बोट दाखवायला लावायचं. हात ताठ करून मूठ धरली की साधारण १० अंश भरतात, म्हणून 'क्षितिजापासून किती मुठी वर?' मग वेळ. 'जेवणं झाल्यावर' चालत नाही. फोटोवरची वेळ बघायची. एवढं मिळालं की स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत त्या रात्रीचं आकाश लावता येतं, आणि बरेचदा त्याच जागी शुक्र नाहीतर व्याध बसलेला असतो. क्षितिजालगतचा व्याध लाल-हिरवा लुकलुकतो आणि भल्याभल्यांना चकवतो.

वैदर्भी
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. पावणेआठच्या सुमारास जळते गोळे रांगेनं, सावकाश गेले. घरात सगळे 'विमान पेटलं' म्हणत होते. धाकट्याला हाक मारून बाहेर आणेपर्यंत ते दिसत होते. उल्का असती तर तो चप्पल घालेपर्यंत संपली असती. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, आसपासच्या गावांत गोळे सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा, २०२१ मध्ये सुटलेला टप्पा परत वातावरणात शिरला होता, असं कक्षांच्या अभ्यासकांनी सांगितलं. मी नंतर जळगाव-अकोल्याच्या नातेवाइकांना फोन केले. गंमत म्हणजे प्रत्येकाचं एकच, 'आमच्या शेतापलीकडंच पडलं बघ!' उंचावरची वस्तू क्षितिजाखाली गेली की असंच वाटतं. तेव्हापासून 'जवळच पडलं' याला मी पुरावा धरत नाही.

रात्रपाळी
दिव्यांची आगगाडी म्हणजे स्टारलिंक, इंटरनेट पुरवणारे उपग्रह. नुकतेच सोडलेले उपग्रह ओळीत असतात. मधल्या आकाशात एकेक करून 'गायब' होतात, कारण पृथ्वीच्या सावलीत शिरतात. पुढे.

अ‍ॅरिझोनाकर
इथे म्यूफॉन ही अशा दिसण्यांची चौकशी करणारी, १९६९ पासूनची नागरिकांची संघटना. चौकशी करणाऱ्यांना आधी परीक्षा द्यावी लागते, हे मला आवडलं. इथला गाजलेला प्रकार १३ मार्च १९९७ चा, फिनिक्सचे दिवे. लोक एकच घटना समजतात, होत्या दोन. दहाच्या सुमाराचे दिवे म्हणजे ए-१० लष्करी विमानांनी सरावात टाकलेले फ्लेअर, म्हणजे सावकाश खाली येणारे जळते दिवे. रात्रीची चित्रफीत त्याच जागेच्या दिवसाच्या चित्रावर बसवली, तर दिवे डोंगराच्या कडेमागे विझताना दिसतात. दुसरी घटना, दीडेक तास आधी दिसलेला दिव्यांचा व्ही आकार; त्याला एका हौशी निरीक्षकानं दुर्बीण लावली; त्याला विमानं दिसली. तरी तो व्ही पाहिलेली माणसं आजही हे मानत नाहीत, आणि त्यांच्याशी बोलताना ती खोटारडी मुळीच वाटत नाहीत.

बालाघाट
आमच्याकडे हैदराबादहून सुटणारे टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संशोधन-फुगे. खाली अंधार, वर त्यांना ऊन, म्हणून पहाटे चमकतात. उपकरणं हवाई छत्रीला लटकून शिवारात उतरतात. हात लावू नये, पोलिसांना कळवावं.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे-नगर-बीडकडे रात्रीच्या ड्रोनची धास्ती होती. गावं जागत होती. अशा वेळी वही घेऊन अंधारात अनोळखी गावात शिरणं म्हणजे मार खायची तयारी. दिवसा जा, पोलीस पाटलांना भेटा, मग विचारपूस.

नवखी
साक्षीदार दर वेळी वेगळं सांगतो. पहिली नोंद धरायची की शेवटची?

धागाकर्ता
दोन्ही ठेवा, तारखेसकट, वजन पहिलीला. दोघांनी पाहिलं असेल तर त्यांचं बोलणं व्हायच्या आत दोघांकडून वेगवेगळं चित्र काढून घ्या. चित्रकला वाईट असली तरी चालते.