मदत हवी आहे: 'जब वी मेट'ची मराठी सबटायटल्स

'जब वी मेट' (2007) साठी मराठी सबटायटल्स करतोय. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं, आप-तुम. रेल्वेगाडीत नायिका गीत नायक आदित्यशी 'आप' म्हणत बोलते, पुढे दोघं 'तुम'वर येतात. मराठीत ती मधली पायरीच नाही, 'तुम्ही'वरून थेट 'तू'. रतलामला गाडी सुटते तिथेच 'तू' केलं तर परकेपणा फार लवकर संपतो. गीतच्या घरी, भटिंड्यापर्यंत 'तुम्ही' ठेवलं तर ती दोघं जुन्या वळणाचे नवरा-बायको वाटायला लागतात! तुम्ही नेमकं कुठे बदलाल? शिवाय गीतचा वेग. ओळीला 42 आणि सेकंदाला 15 अक्षरं अशी सबटायटलची मर्यादा धरली की तिचं अर्धं बोलणं गळतं. तेच तेच पुन्हा म्हणणं गाळायला जीव होत नाही, तीच तर तिची ओळख.

दुसरं, वेळ सरकते. एसआरटी (सबटायटल्सची फाइल) सेकंदाला 23.976 फ्रेम्सच्या व्हिडिओसाठीची, माझा व्हिडिओ 25 चा, त्यामुळे तासाभरात ओळी अडीच मिनिटं मागे पडतात. सगळ्या वेळा 0.959 ने गुणल्या की पूर्वार्ध जुळतो, पण मध्यंतरानंतर चार सेकंदांचा ठरावीक फरक उरतो. फाइल तिथे तोडून उत्तरार्ध वेगळा सरकवावा का?