एकट्यापुरतं शिजवताना पाण्याचं गणित जमत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कॉलेजसाठी घराबाहेर राहतो. या सत्रापासून स्वतःचं जेवण स्वतः करायचं ठरवलंय. सामान म्हणजे एक इंडक्शन शेगडी, झाकणाचं एक पातेलं, एक तवा आणि चौघांत मिळून एक छोटा फ्रिज (माझ्या वाट्याला दाराचा कप्पा!). चिरणं, अंडी उकडणं, बटाटे परतणं जमतं, त्यामुळे ‘आधी सोप्यापासून सुरुवात कर’ हा सल्ला कृपया नको.

अडचण अशी की पाककृती चार जणांची असते. सगळं पाव केलं की भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. मला वाटतं, पातेलं तेवढंच रुंद आणि वेळही जवळपास तेवढाच, म्हणजे वाफेवाटे जाणारं पाणी काही पाव होत नाही. हे बरोबर असेल तर जास्तीचं पाणी किती धरायचं? ‘अंदाजाने घाल’ म्हणणाऱ्यांकडे अंदाज असतो, माझ्याकडे तोच नाहीये.

आणखी दोन गोष्टी. एकदम जास्त भात करून ठेवला तर किती टिकतो? वास आला नाही म्हणजे चांगला, असं धरायचं का? आणि मोठ्या आचेवरही भाज्यांना पाणी सुटून त्या उकडल्यासारख्या का होतात?

प्रतिसाद १
वाफेचं अगदी बरोबर ओळखलंस. तांदूळ साधारण स्वतःच्या मापाएवढं पाणी पितो, वरचं सगळं वाफेसाठी. ते मोजता येतं. त्याच पातेल्यात नुसतं पाणी मोजून घे, झाकण ठेवून भाताच्याच आचेवर आणि तेवढाच वेळ ठेव, मग उरलेलं मोज. जेवढं कमी झालं तो तुझ्या पातेल्याचा ठरलेला आकडा. तांदळाएवढं पाणी अधिक हा आकडा, तांदूळ कितीही घे. जुना तांदूळ असेल तर किंचित जास्त. हेही नको असेल तर भरपूर पाण्यात शिजवून निथळून घे, प्रमाणाची कटकटच मिटते.

भाताच्या बाबतीत वासावर अजिबात जाऊ नकोस. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पसरट भांड्यात काढून लवकर निववायचा, तासाभरात फ्रिजमध्ये टाकायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करायचा. फ्रिज ५ अंशांच्या आत हवा. दार सारखं उघडतं, तिथेच सगळ्यात कमी गार असतं. कप्पा बदलून घे.

प्रतिसाद २
भाज्यांचं कारण म्हणजे तव्यावरची गर्दी. सुटलेलं पाणी उडून जाईपर्यंत भाजी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. भाजी धुऊन कोरडी कर, दोन खेपांत परत, मीठ शेवटी.

धागाकर्ता
धन्यवाद! दाराचं माहीतच नव्हतं, रूममेटशी आता वाटाघाटी. पण दोन खेपा केल्या तर पहिली गार होते ना?

प्रतिसाद २
होऊ दे. दुसरी झाली की पहिली तव्यावर टाक, मीठ घाल, अर्धा मिनिट परत आणि उतरव.