परदेशातल्या आपल्या मंडळाचा लॅपटॉप अपग्रेडमध्येच अडकलाय, कोणीतरी फोनवर या

प्रेषक: खजिनदार (मुक्काम अंबाजोगाई)

मंडळी, काल रात्री लॅपटॉपचं उबुंटू (विंडोजच्या जागी असतं ते) २२.०४ वरून २४.०४ वर चाललं होतं. डाउनलोड उरकलं होतं, पॅकेजेस बसायला लागली अन् लाईट गेली. बॅटरी टिकत नाही, तुम्हाला माहीतच आहे. आता चालू केला की काळ्या पडद्यावर ओळी येतात, शेवटी 'कर्नल पॅनिक' आणि 'अनेबल टू माउंट रूट'. मुक्तिसंग्राम दिनाच्या रविवारच्या कार्यक्रमात ऐकवायचं नळदुर्गच्या आजींच्या आठवणींचं रेकॉर्डिंग ह्याच्यातच आहे. लातूरच्या एका दुकानात फोटो पाठवला, ते म्हणायलेत फॉरमॅट मारावं लागंल, घेऊन या. उद्या सकाळी निघू का?

प्रेषक: सेलूचे दादा

निघू नका. फॉरमॅटला तर मुळीच हो म्हणू नका. डिस्क ठणठणीत आहे. नव्या कर्नलची, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याची, फाईल आली, पण चालू होताना त्याला डिस्क उघडून देणारी जोडीची फाईल, इनिट-रॅम-एफएस, तयार व्हायच्या आत वीज गेली, म्हणून त्याला डिस्क उघडता येत नाही. एवढंच झालंय. जुनं कर्नल अजून आत आहे, कारण जुनी पॅकेजेस काढायचं काम अपग्रेड सगळ्यात शेवटी करतं.

कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा. मेनू आला की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात ५.१५ किंवा ६.८ ने सुरू होणारी जी जुनी ओळ असेल तिची 'रिकव्हरी मोड'. तिथून 'रूट', म्हणजे हुकूम टाइप करायचा पडदा येतो. पण आधी रेकॉर्डिंग बाहेर काढा, मग बाकीचं.

प्रेषक: माजी सचिव

लॅपटॉप भारतात न्यायचा ठराव कार्यकारिणीत झाला होता का? मला आठवत नाही. मंडळाची वस्तू आहे. मी सचिव असताना विंडोज होतं आणि दरवर्षी गुढीपाडव्याला सगळ्याची कॉपी माझ्याकडच्या डिस्कवर घेतली जायची.

प्रेषक: उदगीरच्या ताई

माजी सचिवसाहेब, ती डिस्क अजून तुमच्याकडेच आहे. दोनदा मागितली. आणि लॅपटॉप नेला नसता तर आजींचं बोलणं आपल्याला मिळालंच नसतं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरली ती नळदुर्गावरून. हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता किती उरलंय? माझे वडील सांगायचे, उदगीरला लोक रात्री शेतात जाऊन झोपायचे. त्यांचं काही टिपून ठेवलं नाही कोणी. तेव्हा ठरावाचं नंतर बघू, आधी रेकॉर्डिंग वाचवा.

प्रेषक: परभणीचा भाचा

मामा, रूटमध्ये गेल्यावर लॉक फाईल उडवा, मग अपग्रेड परत चालू करा. आमच्या कॉलेजात असंच करायचे.

प्रेषक: सेलूचे दादा

भाच्या, लॉक फाईल उडवायची नाही. एका वेळी एकच अपग्रेड चालावं म्हणून ते कुलूप असतं, आणि ते चालू प्रोसेसचं असतं. मशीन बंद झालं तेव्हाच ते सुटलं. फाईल पडून राहिली तरी आडवी येत नाही. आणि दुसरं अपग्रेड चालू असताना उडवली तर दोघं मिळून पॅकेजेसचा डेटाबेस बिघडवतात.

खजिनदार, फोनवर वाचून दाखवता येईल असं लिहितो. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर भाच्याकडून उबुंटू टाकून घ्या, त्यावरून 'ट्राय उबुंटू' उघडा आणि होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. एखादं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजवून बघा. मग वर सांगितलं तसं रिकव्हरीत जा. तिथं डिस्क फक्त वाचता येते, म्हणून आधी: माउंट, जागा, आडवी रेघ, ओ, जागा, रीमाउंट, स्वल्पविराम, आरडब्ल्यू, जागा, तिरकी रेघ. मग डीएफ, जागा, आडवी रेघ, एच. त्यात 'बूट' नावाची ओळ १०० टक्के भरलेली दिसली तर थांबा आणि मला फोन करा. नाहीतर: डीपीकेजी, जागा, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, जागा, आडवी रेघ, ए. ह्याला वेळ लागतो. सेटिंगची फाईल बदलू का विचारलं तर एन. ते संपलं की एपीटी, जागा, आडवी रेघ, एफ, जागा, इन्स्टॉल. नेट जोडलेलं असेल तर मग एपीटी अपडेट, एपीटी फुल-अपग्रेड. शेवटी अपडेट-इनिट-रॅम-एफएस, जागा, आडवी रेघ, सी, जागा, आडवी रेघ, के, जागा, ऑल, आणि मग वेगळं अपडेट-ग्रब.

आणि हे इन्व्हर्टरवर लावूनच. अंबाजोगाईत सकाळी लाईट किती वाजता जाते ते शेजारी विचारा.

प्रेषक: माजी सचिव

डिस्क रविवारी आणतो. पण कार्यक्रम रविवारी ठेवायचा हे कोणी ठरवलं? मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला असतो.

प्रेषक: उदगीरच्या ताई

१७ तारखेला सगळ्यांना कामावर जावं लागतं. झेंडावंदन १७ ला सकाळी घरोघरी, रेकॉर्डिंग रविवारी सगळ्यांनी बसून. मागच्या वर्षी असंच केलं होतं.

प्रेषक: खजिनदार (मुक्काम अंबाजोगाई)

रेकॉर्डिंग सगळं उतरलं. आजींचं पूर्ण वाजवून बघितलं, निजामाच्या बाजूचे रझाकार आले तेव्हा तांब्याची भांडी आडात टाकली ते सांगतात तिथपर्यंत आवाज स्वच्छ आहे. मग दादांनी सांगितलं तसंच केलं. डीपीकेजी पाऊण तास चाललं, मध्ये दोनदा एन दिलं. आता २४.०४ उघडलंय, वायफाय चालतंय. देवनागरी कीबोर्ड तेवढा दिसत नाही. दादा, तो कुठून जोडायचा? कार्यक्रमपत्रिका ह्याच्यावरच टाइप करायचीय, आणि तारीख लवकर पक्की करा.

प्रेषक: सेलूचे दादा

सेटिंग्ज, कीबोर्ड, 'ॲड इनपुट सोर्स', त्यात मराठी. पत्रिकेत तारीख सध्या मोकळी सोडा.