मदत हवी आहे: ऑल-इन-वन कॉम्प्युटरच्या आत कुठली हार्ड डिस्क आहे ते न उघडता कसं कळेल?

चिवडागल्ली:

नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून आधी प्रश्न. बाबांचा ऑल-इन-वन (स्क्रीनच्या आतच अख्खा कॉम्प्युटर) आहे, २४ इंची स्क्रीनचा, २०१८ च्या दिवाळीत घेतलेला. बिलावर, खोक्यावर, मागच्या स्टिकरवर सगळीकडे फक्त "१ टीबी एचडीडी" एवढंच लिहिलंय. आत साडेतीन इंची म्हणजे डेस्कटॉपवाली डिस्क आहे की अडीच इंची लॅपटॉपवाली, हे मशीन न उघडता कळेल का?

आता का विचारतेय ते. गेल्या आठवड्यापासून मशीन चालू व्हायला वीस-वीस मिनिटं घेतंय, आणि मंगळवारी रात्री आतून आवाज यायला लागला. टक, टक, टक, मग थोडा वेळ काहीच नाही, मग घर्र करून परत टक टक. बाबा स्क्रीनला कान लावून बसले होते. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणाले मशीन आणून ठेवा, डिस्क बदलून देऊ, जुना डेटा मिळणार नाही, आणि आत कुठली डिस्क आहे ते फोनवर सांगता येणार नाही. म्हणून काल ऑफिस सुटल्यावर लॅमिंग्टन रोडला (मुंबईतलं कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट) गेले, तिथे दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, थ्री पॉइंट फाइव्ह की टू पॉइंट फाइव्ह? मला सांगता येईना. तो म्हणाला मॅडम नंबर घेऊन या, दोन्हीचं फिटिंग वेगळं, वायर पण वेगळी. त्याचं बरोबरच आहे, पण नंबर आणू कुठून?

आणि डेटा गेला तर चालणार नाही हो. आमची चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) आहे, पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे आणि बाबा कमिटीत आहेत. त्यांनी तीन वर्षं बसून ६२ खोल्यांच्या जुन्या भाडेपावत्या स्कॅन केल्यात, प्रत्येक खोलीचा वेगळा फोल्डर. १३ जून १९९६ नंतर तयार झालेल्या भाडेकरूला पात्रतेत धरत नाहीत, म्हणजे त्याच्या आधीची पावती ज्याच्याकडे आहे त्याचं काम सोपं. मूळ पावत्या ज्याच्या त्याला परत दिल्या आणि त्यातल्या काही वाळवीने खाल्ल्या, काही पोटमाळ्यावर भिजून गेल्या. त्या लोकांचं जे काय आहे ते आता या डिस्कवरच आहे. बॅकअप घ्यायचा राहिला, ती चूक माझीच, बाबांनी दोनदा सांगितलं होतं.

प्लीज कोणी असा ऑल-इन-वन उघडला असेल तर सांगा.

स्क्रूड्रायव्हर:

ताई, सगळ्यात आधी मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. तो टक टक आवाज म्हणजे डिस्कच्या आतलं हेड जागा शोधतंय, त्याला वाचता येत नाहीये म्हणून परत मागे जाऊन परत प्रयत्न करतंय. जितका वेळ चालू ठेवाल तितकं नुकसान वाढतं. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवू नका, डिफ्रॅग (डिस्कवरच्या फाइली नव्याने रचणं) तर अजिबात नको. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टम जुळवणं आहे, तुमचा डेटा वाचवणं नाही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तासन् तास फिरत बसते. कोणी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर ऐकू नका, मुंबईच्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढली की पाणी धरते.

आता नंबर. त्यासाठी विंडोज चालू करायची गरज नाही. मशीन चालू करताना लगेच एफ२ नाहीतर एफ१० नाहीतर एफ१ दाबत राहा, कंपनीप्रमाणे बटण बदलतं, बायोस (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) उघडेल. त्यात स्टोरेज किंवा सिस्टम इन्फर्मेशनखाली डिस्कचा मॉडेल नंबर दिसतो. फोटो काढा आणि लगेच बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. (मशीन धड चालत असतं तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जाऊन डिस्कवर क्लिक केलं की उजवीकडे वर हाच नंबर दिसतो. तुमच्या केसमध्ये नको.)

नंबर मिळाला की अर्धं काम झालं. सीगेटचे नंबर एसटीने सुरू होतात, पुढे एलएम असेल तर अडीच इंची, डीएम असेल तर साडेतीन. म्हणजे एसटी१०००एलएम०३५ ही अडीच इंची आणि एसटी१०००डीएम०१० साडेतीन, दोन्ही १ टीबीच. वेस्टर्न डिजिटलमध्ये डब्ल्यूडी१०एसपीझेडएक्स अडीच आणि डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स साडेतीन. तोशिबाचं एमक्यूने सुरू झालं तर अडीच, डीटीने झालं तर साडेतीन. ऑल-इन-वनमध्ये मी जास्त करून या तिघांच्याच बघितल्यात.

दादर_स्लो:

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमत. फक्त स्क्रीनचा आकार बघून अंदाज बांधू नका, मी तसा बांधला आणि चुकीची डिस्क घेऊन बसलो. २४ इंची एवढं मोठं धूड म्हणजे आत मोठीच असणार असं वाटतं, पण कंपन्यांना बॉडी पातळ हवी असते म्हणून लॅपटॉपवाली टाकतात. ॲपलचं उदाहरण घ्या, २०१२ च्या शेवटी आलेल्या पातळ आयमॅकमध्ये साडेएकवीस इंचीत अडीचवाली आणि २७ इंचीत साडेतीनवाली होती. त्याची तर स्क्रीनच चिकटवलेली असते, ती कापून काढावी लागते, तुमची तशी नसावी.

आणखी एक, एकाच मॉडेलच्या दोन मशीनमध्ये सुद्धा वेगळ्या कंपनीची डिस्क निघते, ज्या लॉटला जी मिळाली ती लावतात. म्हणून यूट्यूबवर तुमच्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून त्यातला नंबर पकडू नका, व्हिडिओ फक्त स्क्रू कुठे आहेत ते बघायला. कंपनीच्या सपोर्ट साइटवर मॉडेलच्या नावाने मेंटेनन्स मॅन्युअल शोधा, बऱ्याचदा पीडीएफ असते आणि त्यात डिस्क कशी काढायची याची चित्रं असतात.

साइजचा अजून एक मोठा फरक म्हणजे वीज. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, म्हणून साध्या यूएसबी ते साटा (डिस्क जोडायचं कनेक्शन) केबलने दुसऱ्या लॅपटॉपला लावता येते. साडेतीनवालीला ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट लागतात, ती नुसत्या यूएसबीवर फिरणारच नाही, वेगळा अडॅप्टर असलेला डॉक (डिस्क बाहेरून खोचायचा स्टँड) घ्यावा लागतो. दुकानदार वायर वेगळी म्हणाला ते यासाठीच.

चिवडागल्ली:

खूप खूप आभार दोघांचे. आज सकाळी बायोसमध्ये गेले, आमच्याकडे एफ२ ने उघडलं. एसटी१०००एलएम०३५! तुम्ही उदाहरण म्हणून लिहिलेला तोच नंबर, मी तीनदा वाचून बघितला. म्हणजे अडीच इंची. फोटो काढून मशीन बंद केलं आणि मेन स्विच पण बंद केला.

आता दोन प्रश्न. एक, नवीन म्हणून अशीच डिस्क घेऊ की एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवाली डिस्क) चालेल? दोन, कॉपी कशी करू, सरळ फोल्डर ड्रॅग करून?

स्क्रूड्रायव्हर:

तीच डिस्क परत घेऊ नका. ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) आहे आणि ती एसएमआर प्रकारची, म्हणजे आतले ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, मोठं काही लिहायचं झालं की खूप हळू पडते. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, जाडी ७ मिलिमीटर, तुमच्या जुनीचीही जाडी तेवढीच आहे, त्याच पत्र्याच्या खाचेत त्याच चार स्क्रूंनी बसेल. एम डॉट टू वाली (बोर्डावर सरळ खोचायची पट्टीसारखी एसएसडी) घेऊ नका, बोर्डावर तो स्लॉट आहे की नाही आणि तो एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकार) घेतो की फक्त साटा ते उघडल्याशिवाय कळणार नाही. विंडोजची की शोधत बसू नका, लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं, तीच एडिशन टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

कॉपीचं जास्त महत्त्वाचं. ड्रॅग करू नका, एका खराब फाइलवर अडकली की सगळं लटकतं. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी सिस्टम) पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा उचलायचा प्रोग्रॅम) वापरा. ते आधी जिथे नीट वाचता येतंय तेवढं पटापट उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांवर परत येतं. कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं, फक्त ती मॅप फाइल द्यायला विसरू नका. कॉपी घ्यायला १ टीबीपेक्षा मोठी डिस्क लागेल, २ टीबीची एक्स्टर्नल घ्या, नंतर बॅकअपला होईल. आणि सोर्स कुठली, डेस्टिनेशन कुठली हे एंटर मारायच्या आधी मॉडेल नंबर वाचून दोनदा तपासा, उलटं झालं तर सगळंच जाईल. मात्र आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशीच झाली तर तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या, घरी खटपट नको.

चिवडागल्ली:

रविवारी केलं, सविस्तर लिहिते, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून केबल, ५०० जीबीची एसएसडी आणि २ टीबीची एक्स्टर्नल आणली. रविवारी सकाळी वायर काढून पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं, मग आजीची गोधडी चौपदरी करून पलंगावर टाकली आणि मशीन स्क्रीन खाली करून तिच्यावर झोपवलं. स्टँडच्या झाकणाखाली दोन स्क्रू, ते काढल्यावर मागचं कव्हर नुसतं लॉकवर होतं. मेट्रोचं जुनं प्लास्टिक कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवत गेले, प्रत्येक लॉक सुटताना एवढ्या जोरात कट्ट वाजतं की तुटलंच वाटतं, पण एकही तुटलं नाही. डिस्क खालच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खाचेत होती, माझ्या तळहाताएवढी. लेबलवर ५ व्होल्ट एवढंच होतं, १२ कुठेच नाही. शेजारी एम डॉट टू चा रिकामा स्लॉट पण निघाला, त्याचा फोटो टाकते, तो कुठला ते सांगा.

मावसभावाच्या लॅपटॉपवरून डीडीरेस्क्यू चालवलं. पहिला बराच भाग भराभर गेला, मग वेग एकदम पडला, रात्री साडेअकराला पंखा लावून डिस्क त्याच्यासमोर ठेवली आणि आम्ही आळीपाळीने झोपलो. बाबा झोपलेच नाहीत. सोमवारी दुपारी संपलं.

६२ पैकी ६१ फोल्डर पूर्ण उघडतायत. बाबांनी वहीतल्या यादीवर प्रत्येक खोलीपुढे पेन्सिलने टिक केली. ३७ नंबरच्या खोलीच्या चार पावत्या उघडत नाहीत, अर्धं चित्र येतं आणि खाली राखाडी पट्टा. त्यातल्या तीन मूळ पावत्या त्या काकूंकडे कपाटात निघाल्या, त्या आत्ता स्कॅनरवर आहेत. चौथी १९८८ ची, तिच्यावर घरमालकाची सही वरच्या अर्ध्यात आलीये पण तारीख खाली होती.

एवढ्या एका फाइलसाठी अजून काही करता येईल का? मॅप फाइल ठेवलीये, जुनी डिस्क पण तशीच ठेवलीये, कोणाला हात लावू दिला नाहीये.

स्क्रूड्रायव्हर:

ताई, मस्त काम केलंत. मॅप फाइल आहे ना, मग फक्त राहिलेल्या जागांसाठी रिट्राय तीन (म्हणजे तीनदा परत प्रयत्न) देऊन परत एकदा चालवा, जे आधीच आलंय त्याला ते हात लावत नाही. डिस्क पूर्ण गार झाल्यावर सुरू करा. टक टक चालू झालं की लगेच बंद. स्लॉटचा फोटो टाका, खाच कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगतो.