ज्यांचे फ्लेक्स लागत नाहीत असे टप्पे: तुमचे अनुभव लिहा

दहावी-बारावीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो, नोकरी लागली की सत्कार होतो, लग्नाला तर अख्खं गाव जेवतं. पण विशीतल्या आयुष्यात याच्या अधेमधे कितीतरी गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. घरातल्या कुणाचं तरी औषध स्वतःच्या पैशानं आणणं, परगावी आपल्या सहीनं खोली घेणं, बापाचं एखादं जुनं देणं फेडणं. त्यामागं कुणीतरी उभं असतं आणि त्या माणसाला आपण तोंडानं कधी काही सांगत नाही. घरच्यांना तर नाहीच नाही. म्हणून मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्या ताया-दादांना आग्रहानं बोलावतेय. असा एक टप्पा लिहा आणि तो कुणामुळं गाठला तेही लिहा. नावं नकोत, गाव पुरे.

सुरुवात माझ्यापासून. मी परभणीची. कॉलेजातल्या शिबिरात पहिल्यांदा रक्तदानाला गेले तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं. निदान १२.५ लागतं, माझं दहाच्या आसपास होतं. तिथल्या सिस्टरनी नुसतं ‘जा’ म्हटलं नाही. खुर्ची दिली आणि वहीच्या कागदावर लिहून दिलं: डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या, गोळीसोबत लिंबूपाणी, गोळीच्या मागंपुढं चहा बंद. पुढच्या वर्षी त्याच मांडवात माझी ३५० मिलीची पिशवी भरली. माझ्या जन्माच्या वेळी मायला अनोळखी लोकांचं रक्त चढवलं होतं. ती अजून म्हणते, “कोन व्हते, कुठले व्हते, देवालाच ठाऊक.” त्या माणसांना मी शोधू शकत नाही, पण सिस्टरना शोधलं. तो कागद मी जपून ठेवलाय हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

लातूर, सध्या पुणे

२०१६ साली मी सातवीत होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते साल. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बाहेरच्यांना ती गाडी आठवते. आम्हाला घागरींच्या रांगा आठवतात. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. आमच्या गल्लीत एकाच घरच्या बोअरला पाणी टिकलं होतं. तिथल्या काकू पहाटे मोटार चालू करून घरटी दोन घागरी भरू द्यायच्या. त्यांचीही बोअर कधी आटेल याचा भरवसा नव्हता, तरी द्यायच्या. “लेकराची शाळा हाय, तिला आधी घ्या,” म्हणून मला पुढं काढायच्या.

गेल्या जूनमध्ये मी आणि मैत्रिणीनं पुण्यात फ्लॅट भाड्यानं घेतला. करारावर माझी सही. एजंटला मी भाड्याच्या आधी पाणी किती वाजता येतं ते विचारलं. राहायला गेल्यावर पहिल्या सकाळी नळ सोडला आणि बादली भरेस्तोवर तिथंच उभी राहिले. तांदूळ धुतलेलं पाणी अजूनही मी मोरीत ओतत नाही. दिवाळीला काकूंना साडी नेली तर म्हणाल्या, “आगं, पानी काय माझं होतं का?”

बीड जिल्हा, पाटोदा तालुका

यंदा दसरा झाला, गावातल्या गाड्या भरल्या, आणि आमच्या घरातून कुणी त्यात चढलं नाही. आईबाप ऊसतोडीला गेले नाहीत, हा माझा टप्पा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून फेडायची. फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. दवाखाना, बहिणीचं लग्न, सगळं या उचलीवरच. कारखाना बदलायचा, बाकी तशीच पुढं सरकायची.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, आता संभाजीनगरात एका दवाखान्यात ब्रदर आहे. रात्रपाळ्या जास्त घेतल्या आणि शेवटची बाकी मीच मुकादमाच्या हातात ठेवली. त्यानं वहीत आमच्या नावावर आडवी रेघ मारली. त्या पानाचा फोटो काढून घेतला, आजही फोनमध्ये आहे. धाकटी बहीण ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहात शिकतेय. तिच्या वेळेला ते तरी झालं. आमच्या वेळेला फक्त आजी होती.

आभार तिचेच मानायचेत. आईबाप सहा महिने उसाच्या पट्ट्यात असायचे आणि आम्हा तिघांना ती राखायची. शाळेच्या सभेला यायची, कागदावर अंगठा द्यायची, बाईंना सगळ्यांसमोर विचारायची, “पोरगं शिकायलंय का नुस्तं बसायलंय?” यंदा आईनं तुळशीचं लग्न स्वतःच्या अंगणात लावलं. वडलांना मात्र अजून रात्री दोनला जाग येते, मोळ्या भरायच्या वेळेला. उठून बसतात, पाणी पितात, परत आडवे होतात. आजीला आता नीट ऐकू येत नाही. तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, “आज्जे, उचल फिटली!” ती म्हणाली, “मंग त्यो कोयता इकडं दे, सरपनाला व्हईल.”

जिंतूर

माझं थोडक्यात. माय पिको-फॉल करते. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची. पहिल्या पगारात तिला जवळच्या नंबरचा चष्मा केला. दुकानातच तिनं पदराला टोचलेली सुई काढली आणि एका झटक्यात ओवून दाखवली. त्या मशीनवर माझं डीएड झालं.

भूम

मी कमवायला लागल्यावर आजोबांना आणि आईला तुळजापूरला नेलं. खर्च माझा, हे आधीच ठणकावून सांगितलं होतं. आजोबांना पंचाहत्तरी झाल्यामुळं एसटी फुकट, आई आणि मी अर्ध्या तिकिटात. तिघांचा प्रवास एका तिकिटाच्या पैशात झाला. आजोबांनी वाहकाला दोनदा विचारून खात्री केली. मी अकरावी-बारावीला असताना संध्याकाळची गाडी उशिरा यायची. फाट्यापासून घर लांब, रस्त्याला दिवा नाही. थंडी असो, पाऊस असो, आजोबा बॅटरी घेऊन फाट्यावर उभे असायचे. वर्गातल्या दोघींची शाळा केवळ त्या अंधारामुळं सुटली. माझी सुटली नाही.

औसा तालुका, किल्लारीच्या बाजूला

माझ्या आजोबांनी ३० सप्टेंबर १९९३ नंतर छताखाली झोपणं सोडलं होतं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या आत भूकंपानं सगळं खाली आलं. माझी आत्या त्यात गेली. पुनर्वसनात घर मिळालं, पण आजोबांची बाज अंगणातच. पावसात पत्र्याच्या सपरीत. मी जन्मल्यापासून त्यांना घरात झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला. भूकंपात बांधकाम कसं वागतं हे पुस्तकात होतंच, पण मला ते आजोबांनी शिकवलं. अंगणात काठीनं रेघा ओढून दाखवायचे: ही वाड्याची भिंत, हे माळवद, ही इकडं कलली, ही मधून फुटली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, पण दगड नुसते मातीत रचलेले. बाहेरचा थर आणि आतला थर एकमेकांना बांधलेले नाहीत. वर लाकडावर मातीचा थर, गळू नये म्हणून दरवर्षी आणखी माती. हादरा बसला की भिंत मधून उकलायची आणि वरचं सगळं ओझं माणसांवर. इतकं बारीक सांगायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. आत्या कुठं झोपली होती ती जागा मात्र त्यांनी कधी दाखवली नाही, मीही विचारली नाही.

दोन वर्षांपूर्वी घर वाढवायला घेतलं. नकाशा माझा. जोत्याला काँक्रीटचा पट्टा, दार-खिडक्यांच्या वरून सलग दुसरा, छताच्या खाली तिसरा आणि चारी कोपऱ्यांत उभ्या सळया. आजोबा रोज खुर्ची टाकून बसायचे. पट्टा कोपऱ्यात तुटत नाही ना, सळई वळवून पुढं नेली ना, हे गवंड्याला विचारायचे. काम झाल्यावर काठीनं प्रत्येक कोपरा वाजवून पाहिला. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला त्या संध्याकाळी स्वतःच म्हणाले, “माझी बाज आत टाक.” ते झोपले. मीच रात्रभर जागा होतो.

डिप्लोमा, नोकरी, पगार सगळं झालं. पण इंजिनिअर झालो ते त्या रात्री.

लोहारा

औशाच्या दादा, माझी माय त्याच भूकंपात पडलेल्या सास्तूरची आहे, म्हणून विचारते. आमच्या मामांचं माळवदाचं जुनं घर अजून उभं आहे आणि त्यात माणसं राहतात. काय करता येईल?

औसा तालुका

ताई, आधी भिंतीला फुगवटा आलाय का बघा. आला असेल तर त्या खोलीत झोपणं आजच बंद करा. वरचा मातीचा जादा थर उतरवून वजन कमी करता येतं. भिंतीच्या दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड घालता येतात, कोपरे बांधून घेता येतात. पण घर पाहिल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका, माती उतरवतानाही. माहितीतला इंजिनिअर न्या. कुणी नसेल तर मी येतो.

जाफराबाद

मी स्पर्धा परीक्षा थांबवली, हा माझा टप्पा. तो लिहायला हवा, कारण संभाजीनगरच्या अभ्यासिकांत माझ्यासारखी कितीतरी पोरं बसली आहेत. गावी आलो तेव्हा लोक काय म्हणतील याची धास्ती होती. वडलांनी एकच वाक्य उच्चारलं, “उद्या सकाळी शेडनेटात ये.”

आमच्याकडं शेडनेटात, म्हणजे जाळीच्या मांडवात, कंपन्यांसाठी मिरची-टोमॅटोचं संकरित बी तयार करतात. फूल उमलायच्या आत चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचे पराग मधल्या केसराच्या टोकाला लावायचे. एक फूल, मग दुसरं. हात हलला की फूल गेलं. आईचा हात यात इतका बसलेला आहे की गप्पा मारत करते. मला तिनं शेजारी बसवून शिकवलं आणि गावात कुणी विचारलं की सांगायची, “पोरगं धंद्यात आलंय.” परत आलंय, असं एकदाही म्हणाली नाही. पहिल्या हंगामाचं बी कंपनीच्या उगवण चाचणीत पास झालं आणि पैसे माझ्या खात्यावर आले. सकाळी नेटात शिरताना आता छातीवर दगड नसतो.

नांदेड

२६ एप्रिल २०२४, माझं पहिलं मतदान. पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मत देता येत होतं, पण आमची पणजी ऐकेना. “पोरीचं पयलं मत हाय, मी संगट जानार.” उन्हाचा कहर होता. निजामाचं राज्य, रझाकार, मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८, हे सगळं तिनं पाहिलेलं. आम्हाला ती शाळेच्या पुस्तकातली तारीख. शाई लावल्यावर तिनं माझं बोट तिच्या बोटाशेजारी धरून पाहिलं.

अंबाजोगाई

माझी मुलगी २०२४ च्या पावसाळ्यात झाली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी आईचं आणि मग वडलांचं नाव लावायचा नियम राज्यात आलाय. फॉर्म भरताना नवऱ्यानं पेन माझ्याकडं दिलं. माझं नाव तिच्या नावाला लागून लिहिलं तेव्हा सासूबाई शेजारी होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि विचारलं, “आता मोठ्यांचं बी बदलता येतं का?” त्यांना स्वतःच्या नावात त्यांच्या आईचं नाव हवंय. बाळंतपणात सव्वा महिना त्यांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. त्यांचं हे काम मी करून देणार आहे. कागदपत्रं काय लागतात ते ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

वाळूज

सगळे अनुभव कालपासून वाचतोय. आयटीआय करून इथं एका कारखान्यात लागलो तेव्हा मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात धरला की बोटं थरथरायची. आमच्या लाइनवर एक उस्ताद होते, मूळचे हिंगोलीकडचे. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून ते मला तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजायला लावायचे. “घाई करू नको, दाबू नको, टकटक आवाज आला की थांब.” पहिल्यांदा मशीन एकट्याच्या भरवशावर माझ्या ताब्यात दिली ती त्यांनीच, सुपरवायझरशी वाद घालून. आता माझ्या हाताखाली दोन शिकाऊ पोरं आहेत आणि मी त्यांना तेच वाक्य सांगतो. उस्ताद दुसऱ्या कंपनीत गेले, पण राहतात इथंच, बजाजनगरात. उद्या त्यांची पहिली पाळी आहे, साडेतीनला सुटेल. दोन्ही पोरांना घेऊन मी गेटवर जाणार आहे.