शेतीच्या जुन्या कात्रणांच्या जतनासाठी मदत हवी आहे

नमस्कार. २००५ मध्ये ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले मराठी दैनिक सुरू झाले, तेव्हापासून माझे वडील द्राक्ष, कांदा आणि हवामानावरील कात्रणे जुन्या खतावण्यांमध्ये खळीने चिकटवत आले आहेत. फळछाटणीनंतरच्या पावसात येणाऱ्या डाउनी या द्राक्षावरील रोगाविषयीच्या एका लेखाच्या समासात त्यांनी आपल्या बागेतील फवारण्यांच्या तारखा आणि कोणत्या ओळीतले घड वाचले, हे पेन्सिलीने टिपले आहे. माझ्या मते मूळ लेखाइतकीच ही टिपणे मोलाची आहेत. आता खळीमुळे पानांना कसर लागली असून पेन्सिलही पुसट होत चालली आहे. चिकटवलेली पाने न उखडता स्कॅन कशी करावीत, कसरीवर कागदाला न बाधणारा उपाय कोणता, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ग्रंथालय असे खासगी संग्रह स्वीकारते का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.